शिंपल्यांची तावदाने

काच ही वस्तू आता इतकी स्वस्त आणि इतकी सर्वत्र झाली आहे की, काचेवाचून खिडकी कशी असेल, असा प्रश्न घरातील मुले सहज विचारतील. पण आपल्या जुन्या वाड्यांना काच होती कुठे? लाकडी चौकट, लोखंडी गज, दोन भरीव झडपा आणि आडवा अडसर, एवढाच त्यांचा सरंजाम. झडप उघडली की ऊन, वारा, पाऊस आणि शेजाऱ्यांची नजर, सारे एकदम आत. झडप मिटली की अंधार. आषाढातल्या दुपारी माजघरात समई लावून तांदूळ निवडणाऱ्या आज्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे निराळे सांगायला नको. उजेड तेवढा आत यावा आणि पाऊस बाहेर राहावा, ही माणसाची मागणी फार जुनी आहे. काच आली म्हणून ती पुरी झाली, असे आपण समजतो.

आपल्याच किनाऱ्यावर मात्र ही मागणी काचेच्या कितीतरी आधी पुरी झाली होती, आणि तीही खाडीच्या चिखलातून काढलेल्या एका शिंपल्याने. हा शिंपला चपटा, तळहाताएवढा, कागदासारखा पातळ. त्याची कड कापून, घासून, चौकोनी तुकडा करून तो खिडकीच्या झडपेत बसवीत. गोव्यातल्या पोर्तुगीज बोलीत ह्या शिंपल्यांना ‘करेपा’ म्हणत. पणजीची किंवा सासष्टीची जुनी घरे ज्यांनी हिंडून पाहिली आहेत, त्यांना ह्या खिडक्या आठवतील: बाहेरून दुधी, किंचित मोतिया झाक असलेल्या, बारीक चौकटींच्या. रात्री आत दिवा लागला की सबंध झडप आकाशकंदिलासारखी उजळते.

गेली दोन-अडीच वर्षे ह्या खिडक्यांनी मला बरेच दमवले आहे. पणजीच्या फोंतेन्हास भागात माझ्या एका स्नेह्यांचे वडिलोपार्जित घर आहे. मी सावंतवाडीकडचा, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. तेवढ्याच भांडवलावर त्यांनी मला विचारले, “मास्तर, खिडक्या कुजल्या आहेत. काढून काच लावू, की आहेत त्याच दुरुस्त करू?” प्रश्न सुताराला विचारायचा तो माझ्याकडे आला. त्याचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

ह्या खिडक्यांचा एक जुना साक्षीदार म्हणजे फ्रान्स्वा पिरार द लाव्हाल हा फ्रेंच खलाशी. १६०२ साली मालदीवजवळ त्याचे जहाज फुटले, तिथे काही वर्षे तो अडकून पडला आणि फिरत फिरत १६०८ साली गोव्यात पोहोचला तो आजारी अवस्थेत. गोव्याच्या राजरुग्णालयात त्याची जी बडदास्त राहिली, तिचे त्याने मोठ्या अगत्याने वर्णन केले आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे लक्ष खिडकीकडे जायचेच. त्यानेही नोंदून ठेवले आहे की, इथली माणसे काच वापरीत नाहीत. तिच्या जागी पातळ, गुळगुळीत घासलेले शिंपले लाकडी चौकटीत बसवतात. काचेइतके ते आरपार दिसत नाहीत, पण उजेड पुरेसा देतात. १६१०पर्यंत तो गोव्यात होता आणि पुढच्याच वर्षी त्याचे पुस्तक निघाले.

दुसरा साक्षीदार मराठी वाचकांच्या अधिक ओळखीचा आहे. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७३ साली हिंदुस्थानात आला. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर गेलेल्या इंग्रज वकिलाची हकीकत त्याच्या ग्रंथात आहे आणि १६७५ साली जुन्नरच्या मोगल सुभेदाराकडे औषधोपचारासाठी तो स्वतः गेला होता, म्हणून आपले इतिहासकार त्याचे नाव वरचेवर घेतात. ह्या फ्रायरने त्या वेळच्या मुंबईचे वर्णन करताना लिहिले आहे की, बहुतेक घरे माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली; पोर्तुगीजांनी मागे ठेवलेली आणि कंपनीने बांधलेली थोडी घरे तेवढी निराळी. आणि काचेच्या ऐवजी खिडक्यांना चौकोनी कापलेले, घासलेले शिंपले, जे दिसायला बरे दिसतात. म्हणजे ज्या मुंबईत आज काचेच्या मनोऱ्यांनी आकाश झाकले आहे, तिच्या पहिल्या इमारतींना शिंपल्यांची तावदाने होती. मुंबईतून ती अशी साफ गेली की, होती हेही कोणाला ठाऊक नाही. गोव्यात ती राहिली.

काचच का आणली नाही, याचे उत्तर सोपे आहे. लिस्बनहून आफ्रिकेला वळसा घालून गोव्याला यायला जहाजाला सहा-सहा महिने लागत. त्या प्रवासात माणसे धड पोहोचण्याची शाश्वती नसे, तिथे काचेचे काय! शिवाय जो शिंपला गोव्याच्या खाड्यांत चिखलावर पसरलेला आहे, त्याच्यासाठी समुद्र ओलांडायचे कारणच काय? पोर्तुगीजांची एक खोड मला आवडते. कागदावर ते लिस्बनचे घर बांधीत आणि प्रत्यक्षात सामान गोव्याचे वापरीत. दगड इथला जांभा, चुना इथल्याच शिंपल्या भाजून केलेला, सुतार इथला, आणि खिडकीत शिंपला. तिकडे चीनमध्ये यांगत्सेच्या दक्षिणेच्या मुलखात आणि फिलिपिन्स बेटांतही हाच उपाय चालत असे. फिलिपिन्समध्ये ह्या शिंपल्याला ‘कापिझ’ म्हणतात आणि व्हिगान नावाच्या जुन्या नगरात अशा खिडक्यांची रस्तेच्या रस्ते घरे आजही उभी आहेत. १९९९ साली व्हिगानला जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली.

आता ही झडप तयार कशी होते ते सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे भांडण त्यावरच आहे. शास्त्रज्ञ ह्या शिंपल्याला ‘प्लाकुना प्लॅसेंटा’ म्हणतात. दोन्ही शकले जवळजवळ सपाट. मधला जीव इतका पातळ की, तो तिथे मावतो कसा याचे नवल वाटावे. भरतीओहोटीच्या चिखलावर हे प्राणी आडवे पडून वाढतात. शकल मोठे झाले की वीतभर रुंदीच्या आतबाहेर भरते. कवचात चुन्याच्या स्फटिकांचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि ताज्या, स्वच्छ शिंपल्यातून सुमारे ८० टक्के उजेड आरपार जातो. २०१४ साली अमेरिकेतील एम.आय.टी. ह्या विख्यात संस्थेतल्या संशोधकांनी ह्या कवचाचा मुद्दाम अभ्यास केला. घाव बसला तर तडा सबंध कवचभर न पसरता घावाच्या जागीच कसा जिरतो, हे त्यांना हवे होते. पारदर्शक चिलखते बनवण्याच्या विद्येला त्याचा उपयोग आहे म्हणतात. आमच्या सुतारांना हे स्फटिकांचे गणित ठाऊक नव्हते. पण दगड लागला तर काच खळ्कन सांडते आणि करेपाला नुसते भोक पडते, एवढे त्यांना पक्के माहीत होते.

झडपेत शिंपला चिकटवलेला नसतो. सागवानी पट्ट्यांना दोन्ही अंगांनी खाच पाडलेली असते. त्या खाचांतून शिंपल्याचे तुकडे एकामागून एक सरकवत न्यायचे, वरच्याची कड खालच्यावर थोडी चढवायची, अगदी कौले घालतात तशी. त्यामुळे पाण्याचा थेंब बाहेरच्या बाहेर ओघळतो आणि फटींतून वाऱ्याची झुळूक मात्र आत शिरते. पावसाळ्यात भिंतींना ओल धरते त्या मुलखात ही झुळूक म्हणजे घराचा श्वास. कडक ऊन आत येते ते मऊ होऊन येते. आतल्या माणसाची सावली बाहेर दिसते, चेहरा दिसत नाही. बहुधा आतल्या बाजूला भरीव लाकडी झडपांची दुसरी जोडी असते. वादळात नाहीतर रात्री ती लावून घ्यायची.

आणि ह्या साऱ्यात आधी बिघडते ते लाकूड. पट्टी कुजते, खालच्या पाटलीत पाणी मुरते, बिजागरीचा खिळा गंजतो आणि झडप झोक खाते. खाच सुटली की शिंपले निखळून रस्त्यावर पडतात. म्हणून घरमालक म्हणतो, शिंपल्यांची खिडकी टिकत नाही. वस्तुतः दीडशे वर्षांनी शिंपला असतो तसाच असतो, मळून थोडा पिवळा पडलेला एवढेच. टिकत नाही ती पट्टी. वाईट झालेली वस्तू एक आणि काढून टाकायची दुसरी, असा हा न्याय आहे.

फोंतेन्हासविषयी थोडे सांगतो. ‘फोंतेन्हास’ म्हणजे लहान झरे. आल्तिन्हो टेकडीच्या पायथ्याशी फेनिक्स नावाचा झरा आहे, त्यावरून हे नाव. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे नारळीची बाग होती. मोझांबिकमध्ये पैसा मिळवून आलेल्या आंतोनियो जुवांव द सिकैरा नावाच्या गृहस्थाने ती बसवली. लोक त्याला ‘मोस्मीकार’ म्हणत. पुढे पणजीचे नशीब उघडले. साथींच्या रोगांनी जुने गोवे ओसाड होत चालले होते. व्हाइसरॉय आधी पणेलीला आणि १७५९ साली पणजीच्या आदिलशाही वाड्यात राहायला आला. दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रु ह्या व्हाइसरॉयने १८२६ ते १८३५ ह्या काळात दलदली बुजवून रस्ते आखले आणि १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली. ह्या नव्या शहराला दगड कुठून आला? पुष्कळसा जुन्या गोव्याच्या पडक्या इमारतींतून. नावांत घालून तो मांडवीतून खाली आणीत. एक शहर मोडून दुसरे उभे राहिले, हे वाक्य पणजीच्या बाबतीत अक्षरशः खरे आहे. माझ्या पुढच्या सांगण्याला ह्या गोष्टीचा आधार लागणार आहे.

ह्या वस्तीत कारकून, छापखानेवाले, वकील, निवृत्त अंमलदार राहू लागले. गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांना खेटून, पिवळी, निळी, तांबडी. पांढरा रंग चर्चला राखून ठेवलेला. पावसाळा संपला की घराला नवा रंग द्यायचा, हा जुना शिरस्ता. त्यामुळे नरकचतुर्दशीच्या पहाटे पणजीत नरकासुराच्या प्रतिमा जळतात तेव्हा शेजारच्या ख्रिस्ती गल्लीतही ताज्या रंगाचा वास दरवळत असतो. आपला वाडा आत चौकाकडे तोंड करून बसतो. रस्त्याकडे त्याची पाठ. फोंतेन्हासचे घर रस्त्याकडे तोंड करते. म्हणून तिथे खिडकी हा घराचा चेहराच असतो. एका घराच्या खिडक्या बदलल्या की सबंध गल्लीच्या चेहऱ्याला एक डोळा निराळा बसवल्यासारखे होते.

माझ्या स्नेह्यांच्या घराला रस्त्याकडे सहा खिडक्या, मागच्या अंगणाकडे दोन. घर साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचे. १८६७चा पोर्तुगीज दिवाणी कायदा गोव्यात १८७०पासून लागू झाला आणि कुटुंबविषयक भागापुरता अजूनही चालतो. मुलगा आणि मुलगी दोघांनाही त्यात सारखा वाटा. तत्त्व म्हणून मला तो फार पसंत आहे. पण तीन पिढ्यांनी एका घराला चौदा धनी होतात आणि एक खिळा ठोकायला चौदा सह्या लागतात, हेही खरे. त्यात १९६८च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली. भाडे इतके की, त्यात एका झडपेचा रंग यायचा नाही. गोव्यातली जुनी घरे मालकांच्या अनास्थेने पडतात असे वर्तमानपत्रांत वाचतो, तेव्हा मला त्या मालकांची दया येते. त्यातल्या निम्म्यांना दुरुस्तीची इच्छा असते; ज्याच्याजवळ पैसा असतो त्याच्याजवळ सही नसते, एवढेच.

इथे सह्यांचा घोळ असा झाला. स्नेह्यांच्या पत्नीचे म्हणणे, काच लावा. त्यांच्या डोळ्यांना आता कमी दिसते, शिवणकाम हा त्यांचा जुना शौक आणि शिंपल्यांच्या उजेडात सुईत दोरा जात नाही. शिवाय सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडकीला जाळी बसते, डास येत नाहीत. ह्यात नाकारण्यासारखे काय आहे? उलट लिस्बनला राहणाऱ्या बहिणीने कळवले की, काच लावायची असेल तर माझी सही मिळणार नाही. दहा वर्षांत एकदा येणाऱ्या माणसाला घर जसेच्या तसे हवे असते आणि त्यात राहणाऱ्याला ते राहण्याजोगे हवे असते. दोघेही घरावर प्रेमच करतात. मला स्वतःला पहिल्या बाजूचा राग लवकर येतो, हे कबूल करतो. डास चावतात ते लिस्बनला नव्हे.

तेवढ्यात त्यांच्या धाकट्या भावाने एक मोठा मार्मिक प्रश्न काढला. “मूळ खिडकी, मूळ खिडकी म्हणता ती कोणती?” त्याचे बरोबर होते. सहापैकी चार खिडक्यांच्या माथ्यावर अर्धवर्तुळात तांबडी-हिरवी काच आहे. ती घराइतकी जुनी नाही; त्यांच्या आजोबांनी पूर्व आफ्रिकेतून परतल्यावर बसवलेली. एकोणिसाव्या शतकात युरोपची काच स्वस्त झाली, इंग्लंडने तर १८४५ साली काचेवरचा करच उठवला. पुढे मुंबईला, कराचीला, आफ्रिकेला गेलेल्या गोवेकरांनी पैसा घरी आणला, आणि त्या पैशाची पहिली खूण दर्शनी भिंतीवर उमटली. कित्येक घरांत शिंपल्यांच्या झडपा जाऊन काचेच्या आल्या, कित्येकांत अर्धी काच आणि अर्धे शिंपले असा संसार झाला. तेव्हा आजोबांची काच हीही आता शंभर वर्षांची आहे. तिलाही इतिहास म्हणायचे की नाही?

हाच वाद विलायतेत बाथ शहरात होऊन गेला आहे. तिथली ‘रॉयल क्रेसेंट’ ही अर्धचंद्राकार घरांची रांग १७६७ ते १७७५ ह्या काळात बांधली गेली. एकोणिसाव्या शतकात लोकांनी तिथल्या खिडक्या खाली वाढवल्या आणि बारीक चौकटींच्या जागी मोठ्या अखंड काचा बसवल्या. पुढे १९६८ नंतर त्या रांगेतले पहिले घर संग्रहालयासाठी दुरुस्त झाले, तेव्हा खिडक्यांच्या पाटल्या परत मूळच्या उंचीवर नेल्या. शेजारची घरे वाढवलेल्या खिडक्यांची राहिली. कोणते खरे? मला वाटते, ह्याचे उत्तर बाथमध्ये चुकले तरी फारसे बिघडत नाही. लाकूड आणि काच आहे, आराखडे आहेत. आज काढलेली खिडकी पन्नास वर्षांनी कोणी पुन्हा तशीच करू शकेल. आमच्या फोंतेन्हासच्या खिडकीचे तसे नाही, आणि सगळी मेख इथेच आहे.

कारण हा शिंपला आता मिळत नाही. झुआरीच्या मुखाजवळ चिखली गावच्या खाडीत त्याची जुनी वसती आहे. पण बंदरे वाढली, रेती उपसली गेली, गाळ बसला, आणि ह्या स्वस्थ पडून राहणाऱ्या प्राण्याला पळून जायला पाय नाहीत. त्याच्या पोटातल्या बारीक मोत्यांसाठी आणि मांसासाठीही तो पूर्वीपासून काढला जाई. अखेर २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या त्या वेळच्या चौथ्या परिशिष्टात त्याचे नाव घातले गेले. म्हणजे वाघ-हरणांच्या कायद्यात आमच्या खिडकीचे तावदानही जाऊन बसले. कायदा योग्यच आहे. पण मौज अशी की, एक कायदा घरमालकाला सांगतो, दर्शनी खिडकी बदलायची तर संवर्धन समितीची परवानगी आण. दुसरा सांगतो, ती दुरुस्त करायला लागणारा शिंपला खाडीतून आणू नकोस. दोन्ही शहाणे, आणि मधे आमचे स्नेही. त्यांनी एका कचेरीत (कोणत्या ते सांगत नाही) अर्ज दिला, त्याची फाईल सात महिने ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरली. मुलाने मनिलाहून तुकडे मागवण्याचा बेत काढला. लागणाऱ्या कागदांची यादी पाहून तो त्यानेच सोडून दिला. प्लॅस्टिकचे दुधी पत्रे कोणी सुचवले. ते एका ओळखीच्या घरी पाहून आलो. दोन उन्हाळ्यांत त्यांचा रंग जुन्या आयोडीनच्या डागासारखा झाला होता.

मग शिंपले आणायचे कुठून? जुन्या गोव्याच्या दगडासारखे. पडणाऱ्या घरांतून. सासष्टीत, बारदेशात, तिसवाडीत दरवर्षी जुनी घरे उतरतात. त्यांचे सागवान विकले जाते, लोखंडी कठडे विकले जातात, चिनीमातीची भांडी तर आधीच गेलेली असतात. झडपा मात्र फोडून जळणाला जातात आणि शिंपले मातीच्या ढिगाऱ्यात. घर पाडणाऱ्या मजुराला त्याचे मोल वाटत नाही, कारण वजनाने ते काहीच भरत नाहीत. ज्याने आपल्या सहा खिडक्या काढून काच बसवली, त्याने फक्त आपल्या घराच्या खिडक्या बदलल्या असे होत नाही. त्याने गल्लीतल्या उरलेल्या घरांच्या दुरुस्तीचे सामान उकिरड्यावर टाकलेले असते. मी काचेचा शत्रू नाही. ज्याला काच लावायचीच आहे त्याने ती लावावी, पण शिंपले काढून एखाद्या डब्यात ठेवावे आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवावे. त्या डब्याला आज बाजारभाव नाही. उद्या पैसे देऊनही तो मिळायचा नाही.

स्नेह्यांना मी हेच सांगितले. त्यांना ते पटले, त्यांच्या पत्नीला पटले नाही. सुईत दोरा जात नाही, हा मुद्दा इतिहासाने सुटत नाही. तो सोडवला आमच्या मेस्तने. साठीच्या पुढचा हा माणूस, बोलणे बेताचे. त्याने सगळ्या आठ झडपा उतरवल्या, अंगणात आडव्या ठेवल्या आणि एकेक शिंपला खाचेतून सरकवत बाहेर काढला. कोमट पाण्यात घातले, मऊ फडक्याने पुसले, उन्हात धरून पाहिले. बरे, तडकलेले आणि निकामी असे तीन ढीग केले. मग तो म्हणाला, “बाब, सहा जनेलांपुरते होतात, आठांपुरते होत नाहीत.”

तेव्हा अंगणाकडच्या दोन खिडक्यांचे शिंपले रस्त्याकडच्या सहांत आले आणि अंगणाकडे त्याच मापाच्या, त्याच सागवानी चौकटींत स्वच्छ काच बसली, बाहेरून जाळी. वहिनींची शिवणाची खुर्ची तिथे गेली. मला हे सगळे मान्य नव्हते. मागच्या खिडक्याही घराच्याच होत्या आणि पाठीमागचा भाग कोणी पाहत नाही म्हणून तो कमी खरा ठरत नाही, असे मी म्हणालोही. त्यावर वहिनींनी मला त्या खुर्चीवर बसवले, हातात सुई-दोरा दिला आणि म्हणाल्या, “आता सांगा, मास्तर.” दोरा पहिल्या खेपेला गेला. मी पुढे काही बोललो नाही, पण माझे मत मी बदललेले नाही.

नव्या पट्ट्या जुन्या सागवानाच्या केल्या. एका मोडक्या पलंगाचे लाकूड त्यासाठी कामी आले. खालच्या पाटलीला मेस्तने बाहेर उतार दिला आणि तिच्या पोटाशी एक बारीक पन्हळ कोरली, पाणी भिंतीकडे न जाता तिथूनच ठिबकावे म्हणून. पूर्वीच्या कारागिरानेही ती कोरली होती. मधल्या कोणा दुरुस्तीत रंगाच्या थरांनी ती बुजली आणि सगळे कुजणे तिथून सुरू झाले होते. खिळे पितळेचे वापरले. आजोबांची तांबडी-हिरवी काच जागच्या जागी राहिली. बहिणीला छायाचित्रे पाठवली, तिची सही आली. खर्च अॅल्युमिनियमच्या खिडक्यांहून जास्त झाला. किती ते स्नेह्यांनी मला सांगितले आहे आणि पत्नीला सांगितलेले नाही, म्हणून इथे लिहीत नाही.

काम संपले तेव्हा बऱ्या ढिगातले त्रेचाळीस शिंपले उरले होते. वर्तमानपत्राच्या घड्यांत गुंडाळून ते बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि डब्यावर मेस्तने पेन्सिलीने आकडा घातला. गणपतीनंतर पुन्हा गेलो तेव्हा त्या आकड्यावर रेघ मारून खाली बत्तीस लिहिलेले होते. दोन घरे पलीकडच्या बाई येऊन अकरा घेऊन गेल्या होत्या.